चौथी रिम

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. लग्न केलं नाही, त्यामुळे सांगायला हक्काचं माणूस नव्हतं — अशी समजूत मी बरीच वर्षं स्वतःची घातली. पण ती खोटी आहे. ज्याला सांगायला हवं होतं तो रोज माझ्या समोरच्या लेथवर उभा असायचा. आठ तास. मग का नाही सांगितलं?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मरोळच्या एका लहान कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. प्रभाकर पार्ल्याचा — चाळीत दोन खोल्या, बायको, लहान मुलगा. मी अंधेरीला एका खोलीत एकटा. आठवडा कसाही जायचा, रविवार मात्र अंगावर यायचा. प्रभाकरने मला सायकलवर आणलं आणि माझे रविवार भरले. पहाटे निघायचं, बोरिवलीवरून घोडबंदर, ठाणे, मुलुंड, घाटकोपर करत परत. पुढे पुढे थेट खंडाळा — अंधार पडायच्या आत घरी. चढावर तो नेहमी पुढे असायचा. मी धापा टाकत वर पोचायचो तेव्हा तो कठड्यावर बसलेला, पाण्याची बाटली माझ्यासाठी पुढे केलेली. कधी चिडवलं नाही त्याने. चिडवलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. आताही वाटतं.

आमच्या चाकांना लोखंडी रिमा होत्या. जड, आणि पावसात ब्रेक धरायच्या नाहीत. दिवसभर सायकल मारायची तर अॅल्युमिनियमच्याच हव्यात, यावर जेवणाच्या सुट्टीत आम्ही महिनोन्‌महिने बोललो. स्पोकसाठी बत्तीस भोकं असलेल्या हलक्या की छत्तीसच्या? प्रभाकर म्हणायचा, आपल्या रस्त्यांना छत्तीस. हलकेपणा गेला खड्ड्यात, चाक घरी परत आलं पाहिजे. त्याचं ऐकायचं, कारण चाक बांधणं हे त्याचं खरं काम होतं, लेथ नुसती पोटासाठी. तो स्पोक ताणायचा, बोटाने छेडायचा, आवाजावरून ताण ओळखायला कान लावायचा. लोक मुलुंडहून त्याच्याकडे चाकं घेऊन यायचे.

मनोरीचा मायकल बोटीवर कामाला होता. प्रभाकरची ओळख. त्याने परदेशातून चार वापरलेल्या रिमा आणल्या, तशाच, छत्तीस भोकांच्या. त्या रविवारी प्रभाकरला ओव्हरटाइम लागला, म्हणून मी एकटा गेलो. मार्व्याहून तरीच्या बोटीने खाडीपलीकडे. मायकलने चारही रिमा ओट्यावर मांडल्या. एकीवर खडूची फुली होती.

"ही वाकलेली होती, ठोकून सरळ केलीय," तो म्हणाला. "गावात फिरवा. घाटात नका नेऊ. प्रभाकरला सांग, त्याला कळेल."

मी हो म्हटलं. परतीच्या तरीत, माझ्या बाजूला कोणी नव्हतं तेव्हा, रुमाल पाण्यात बुडवून मी ती फुली पुसली.

का? सांगितलं असतं तर चांगल्या तीनच उरल्या असत्या. कोणीतरी एक चाक लोखंडी ठेवायचं — आणि तो मी, कारण मायकल त्याचा, चाकं बांधणार तो. हा हिशोब खरा आहे. पण त्याच्याखाली आणखी काही होतं. एकदा तरी तो माझ्या मागे राहावा, असं मला वाटत होतं. एवढंच. तो पडावा असं नाही. पण वाकलेली रिम काय करते हे माझ्यासारख्या लेथवरच्या माणसाला माहीत नव्हतं का?

माझी चाकं त्याने आधी बांधली, मी पुढे केलेल्या दोन चांगल्या रिमांची. मग स्वतःची. चाळीच्या गॅलरीत मी त्याच्यासमोर बसलो होतो. चौथ्या रिमेशी त्याचा हात थांबला.

"इथे ताण सारखा बसत नाहीये रे. वाकलेली होती का ही? मायकल काही बोलला?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. स्वतःच्या बोटांपेक्षा त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. "मागे वजन जास्त येतं, ही पुढे घालतो," म्हणाला. मी तेही ऐकून घेतलं.

डिसेंबरात खंडाळ्याहून उतरताना त्याचं पुढचं चाक दुमडलं. मी मागे होतो. आधी स्पोक तुटल्याचा आवाज आला, मग तो रस्त्यावर. एक ट्रक थांबवून मी त्याला खोपोलीच्या दवाखान्यात नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, उजवं मनगट पार गेलं होतं. ट्रकमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो सारखा म्हणत होता, "माझंच चुकलं. बोटांना कळत होतं मला."

मी म्हणालो, "बोलू नकोस."

तुम्हाला वाटेल, कबुली ही एवढीच. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. पण नाही — खरी गोष्ट त्यानंतर दोन महिन्यांनी घडली.

तो प्लास्टर काढून कामावर आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुझी चाकं दुसऱ्या कोणाकडून तरी बघून घे. माझ्या हातच्या कामाचा भरवसा नाही." मी घाटकोपरला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने एकेक स्पोक छेडला, चाक फिरवलं, बराच वेळ बघत राहिला. "याला मी हात लावणार नाही," म्हणाला. "कोणी बांधलीत? इतकं नेमकं काम मी बघितलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी प्रभाकरने लेथ बंद करून विचारलं, "काय म्हणाला रे?"

म्हाताऱ्याचं वाक्य मी नेऊन त्याच्या हातात ठेवू शकलो असतो. दुसरं काही कबूल न करता. पण माझी चाकं नीट आहेत म्हटल्यावर, मग माझंच चाक का गेलं, असं तो विचारणार — याची मला भीती वाटली.

"चाकाला थोडा आउट होता, वाकडं फिरत होतं," मी म्हणालो. "काढला त्याने."

प्रभाकरने मान हलवली. लेथ सुरू केली. त्यानंतर त्याने एकही चाक बांधलं नाही. मनगट पुढे बरं झालं, पाना धरता यायचा. लोक यायचे, तर त्यांना घाटकोपरचा पत्ता द्यायचा. सायकलही त्याने विकून टाकली. मी त्याच चाकांवर अकरा वर्षं फिरलो, एकटा. घाट चढून वर गेलो की कठड्यावर कोणी नसायचं. थोडा वेळ थांबायचो, कोणासाठी कोण जाणे, आणि उतरायचो.

कारखाना बंद झाला तेव्हा तो राजापूरकडे गावी गेला. त्याला एसटीवर सोडायला मी गेलो होतो. बायकोला म्हणाला, "हा होता म्हणून त्या दिवशी मी घाटातून परत आलो." ती माझ्याकडे बघून हसली. मी त्यांची पेटी टपावर चढवली.

मागच्या वर्षी त्याच्या मुलाचं पत्र आलं. बाबा गेले. शेवटी शेवटी तुमच्याबद्दल बोलायचे. त्यांची काही आठवण असेल तर लिहा, घरात वाचून दाखवू.

मी आठ दिवसांनी उत्तर लिहिलं. दोन ओळी. प्रभाकर फार चांगला माणूस होता, असं लिहिलं, सही केली आणि पाकीट टपालाच्या पेटीत टाकलं.