बंद ठेवलेला थर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. एकदा बहिणीपाशी सुरुवात केली होती, पण तेवढ्यात तिचा कुकर झाला, ती उठली, आणि ती परत येईपर्यंत मी विषय बदलून टाकला. सुटल्यासारखं वाटलं. आता तुम्हाला सांगते आहे. कुठून सुरू करू? कॉम्प्युटरपासूनच करते — त्या भागात निदान थोडं हसू तरी आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आमचं ड्रॉइंग ऑफिस रामदासपेठेत, एका दवाखान्याच्या वर, कारखाना हिंगण्याला. वीजकेंद्रात कोळशाच्या हॉपरखाली, म्हणजे मोठ्या नरसाळ्याखाली, लोखंडी झडपा लागतात, त्या आम्ही बनवायचो. झडप उघडायची-मिटायची ती एका लांब दांड्यानं, आणि दांडा फिरायचा हवेच्या दाबानं. आता फिरणारी वस्तू कागदावर काढायची म्हणजे पंचाईतच, कारण कागदावर ती फिरत नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. दांड्याच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा, ड्रॉइंगवर टाचणीनं टोचायचा, आणि बोटानं हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. वाटेत कशाला अडतो का, ते बघायचं. ‘पुठ्ठा फिरवला का?’ हे विचारल्याशिवाय साहेब सही करत नसत.

माझ्या शेजारच्या बोर्डावर मेश्राम बसायचा. माझ्याच वयाचा ड्राफ्ट्समन, पॉलिटेक्निकमधून आलेला, फाटक्या तोंडाचा. पुठ्ठा फिरवताना तोंडानं लोखंडाच्या करकरीचा आवाज काढायचा आणि आम्हाला हसवायचा. त्याची रेघ मात्र अशी सुरेख यायची की मला हेवा वाटायचा. हो, हेवा. हेही कधी बोलले नव्हते.

मग कॉम्प्युटर आला. नारळ फुटला, मॉनिटरला हळदकुंकू लागलं, एसीच्या खोलीबाहेर चपला काढायचा नियम झाला. शिकायला कुणाला पाठवायचं? तर मला — कारण मला टायपिंग येत होतं! तोवर दुसऱ्यांच्या ड्रॉइंगांचं ट्रेसिंग करणारी ऑफिसातली एकुलती एक बाई मी, आणि पुण्याहून शिकून आले ती एकदम त्या थंडगार खोलीची मालकीण झाले. मेश्राम दारात उभा राहून म्हणायचा, “काहो ताई, देवळात बसल्यावानी बसून राहिल्या तुमी. आमाले दर्शन भेटन का?” मी हसायचे. पण रोज सकाळी ते मशीन सुरू करताना मनात एकच यायचं. हे फसलं तर? ‘बाईच्या हातात दिलं की असंच होतं’ हे म्हणायला सगळे टपलेले नव्हते का? मला तरी तसं वाटायचं.

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे.

कॉम्प्युटरमधलं चित्र थरांचं असतं. एकावर एक ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरसारखं — एका थरावर दांडा, दुसऱ्यावर चौकट, तिसऱ्यावर हवेचा पाइप धरणारं ब्रॅकेट. नको असेल तो थर बंद ठेवता येतो. पुसला जात नाही, फक्त दिसत नाही. आमचं मशीन इतकं संथ होतं की दांडा जरासा फिरवला तरी सगळं चित्र नव्यानं उमटेपर्यंत माणसानं पाणी पिऊन यावं. म्हणून मी ब्रॅकेटचा थर बंद ठेवायचे. काम उरकलं की चालू करायचा, असं ठरवून.

वीजकेंद्राचे अधिकारी कॉम्प्युटर बघायला आले. चपला काढून, मोजे सावरत खोलीत उभे राहिले. मी स्क्रीनवर दांडा फिरवला — या टोकापासून त्या टोकापर्यंत, कशालाही न शिवता. सगळे खूश. साहेब म्हणाले, आता पुठ्ठे बंद. त्या झडपेचा पुठ्ठा फिरलाच नाही. आणि तो थर? तो बंदच राहिला होता.

ब्रॅकेटचं ड्रॉइंग मेश्रामनं काढलं होतं. ब्रॅकेटची जागा मात्र मी कॉम्प्युटरवर ठरवलेली. स्क्रीनवरचं चित्र कागदावर काढणारा प्लॉटर अजून आला नव्हता, म्हणून तो माझ्याशेजारी बसून स्क्रीनवरची मापं उतरवून घ्यायचा आणि कागदावर ड्रॉइंग करायचा. त्यानं मापं बरोबर उतरवली होती. हे नीट लक्षात ठेवा — बरोबर उतरवली होती.

कारखान्यात चाचणीला हवा सोडली. दांडा निघाला आणि मधल्या वाटेत ब्रॅकेटवर जाऊन आदळला. ब्रॅकेट तुटून पार भिंतीपर्यंत उडालं. तिथं उभा असलेला फिटर नुकताच बाजूला झाला होता म्हणून वाचला. अधिकारी समोर होते. साहेबांचा फोन आला, मी येतो आहे, कॉम्प्युटरवर बघू चूक कुणाची ते.

मी खोलीत गेले. थर चालू केला. दांडा फिरवला. स्क्रीनवर तो ब्रॅकेटच्या आरपार गेला — तिथं लोखंड लोखंडातून जातं, आवाजसुद्धा होत नाही. माझी चूक समोर दिसत होती. खाली साहेबांची जीप थांबल्याचं ऐकू आलं. मग जिन्यावर बूट. तेवढ्या वेळात काय काय करता आलं असतं? उठून उभं राहता आलं असतं. मी ब्रॅकेट जरासं मागं सरकवलं. फार नाही, दांडा सुटेल इतकंच. आणि फाइल जतन केली.

साहेबांसमोर दांडा साफ गेला. मी एकच वाक्य बोलले, “सर, इथं तर कुठं अडत नाही.” त्यांनी मेश्रामचं ड्रॉइंग मागवलं, माप स्क्रीनशी ताडून पाहिलं, ते जुळेना, आणि कागद त्याच्यापुढे टाकला. चूक त्याचीच, हे त्यांनी लगेच मानलं, ऑफिसनंही लगेच मानलं. मेश्रामच्या जागी माझ्या आडनावाचा कुणी असता, तर इतक्या लवकर मानलं असतं का? नसतं. हे मला त्याच क्षणी कळत होतं, आणि त्यावरच मी निभावून गेले. नंतर कुणीतरी ‘या लोकांचं असंच’ म्हणालं, तेव्हा मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होते.

पण खरं भयंकर पुढेच आहे. मेश्राम भांडेल, ओरडेल, थर तपासा म्हणेल, अशी मला धास्ती होती. तो भांडला नाही. आपला कागद स्क्रीनशेजारी धरून पाहिला आणि म्हणाला, “मशीन काहून खोटं बोलीन, ताई? माह्याच नजरेतून सुटलं असन.”

त्यानं मानलं. दुसऱ्या सगळ्यांपेक्षा जास्त त्यानंच मानलं.

साहेब त्याला काढणार होते. मी जाऊन रदबदली केली — चांगला माणूस आहे, घरी लहान लेकरू आहे. यात चांगुलपणा किती होता आणि भीती किती? काढलेला माणूस विचार करत बसतो, हे मला ठाऊक होतं. त्याला स्टोअरमध्ये टाकलं. ड्रॉइंग बोर्डावर तो पुन्हा बसला नाही. स्टोअरमध्येही साधी लोखंडी पट्टी मोजून झाली की ती घेऊन माझ्याकडे यायचा, “ताई, येकडाव पाहून द्या ना, बराबर हाय का.” बरोबरच असायचं. मी दर वेळी पाहून द्यायचे. हसवणं मात्र त्यानं बंद केलं होतं.

मी पुढे त्या विभागाची प्रमुख झाले.

पुष्कळ वर्षांनी सीताबर्डीवर तो भेटला. केस पांढरे झालेले, सोबत मुलगी. तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, ड्रॉइंगचं सामान घ्यायला आले होते. “ह्याच त्या ताई,” तो तिला म्हणाला. “माह्या हातून येवढी मोठी चूक झाली, तरी यायनं साहेबाच्या पाया पडून माही नोकरी वाचवली. जयभीम कर वं बाई.” पोरीनं हात जोडले. मीही जोडले. आता सांग, आता तरी सांग — असं मनात चाललं होतं, आणि तोंडातून निघालं ते इतकंच, “तुझ्या बाबांइतकी चांगली रेघ आमच्या ऑफिसात कुणाचीच नव्हती.”

मेश्राम ओशाळून हसला. पोरीला म्हणाला, “ताई माहं मन राखून राहिल्या.”

मी त्याला तसंच समजू दिलं.