नेव्हिल हार्करला आवडलेलं कुंपण

नेव्हिल हार्करला कधीही विचारा, "कसं काय?" तो म्हणणार, "तक्रार नाही." दाढ ठणकत असली तरी तक्रार नाही, छप्पर गळत असलं तरी नाही. एकदा तो शिडीवरून घसरून आपल्या अंगणात उताणा पडला. मी शेजारची. भिंतीवरून ओरडले, "अहो नेव्हिल, लागलं का?" तर आडव्यानंच उत्तर आलं, "तक्रार नाही, पोरी. पाऊस थांबलाय, तेवढं बरं झालं." मनगट मोडलं होतं.

आयुष्यभर त्यानं आमच्या स्कार्नविक गावात बंदरापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत बस हाकली. निवृत्त झाला तेव्हा सोबत्यांनी त्याला एक घड्याळ दिलं. पितळेचा देवमासा, पोटात तबकडी, आणि दर तासाला तो मासा शीळ घालतो. नेव्हिल म्हणाला, "वा, अगदी हेच हवं होतं." आता सोबत्यांपैकी कोणी कधी आलाच तर दिसायला हवं, म्हणून तो मासा दिवाणखान्यात मधोमध बसलाय आणि शिट्ट्या मारतोय. नेव्हिलची बायको नॉर्मा म्हणते, "एक दिवस मी हा मासा कापून तळणार आहे."

नॉर्मा कोळ्याची मुलगी. बापाची होडी, भावांची होडी. तिचं सगळं लहानपण किनाऱ्यावर जाळी सुकवण्यात गेलं. लग्नात नेव्हिलकडे तिनं एकच मागितलं होतं: स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसायला हवा. त्यानं तसं घर शोधलं. उतारावरचं घर, मागं अंगण, अंगणाखाली दुसऱ्याचं अंगण, त्याचं छप्पर आणि छपरावरून थेट समुद्र. भांडी घासता घासता नॉर्मा सांगायची कोणती बोट आत आली, कोणती अजून बाहेर आहे.

मग खालच्या घरात कीथ पिकरिंग राहायला आला. भला माणूस. शाळेत भूगोल शिकवायचा. आल्या आल्या त्यानं भिंतीच्या कडेनं सुरूसारखी छोटी छोटी रोपं लावली आणि नेव्हिलला विचारलं, "तुमची काही हरकत नाही ना?"

"छे छे! छान दिसतील."

संपलं. झालं ते एवढंच. या चार शब्दांनी हार्करांच्या घरातला समुद्र गेला.

झाडं वाढली. या देशात ऊन मिळत नाही म्हणून माणसं रडतात, पण ही झाडं पावसावरच पोसतात. आधी बंदराचा धक्का झाकला गेला, मग होड्या, मग बाहेरून जाणारी मोठी जहाजं. शेवटी वर आभाळाची पट्टी आणि चुकूनमाकून एखादा समुद्रपक्षी. एके दिवशी नॉर्मा हातातली बशी पुसत म्हणाली, "नेव्हिल, समुद्र गेला."

"गेला खरा," नेव्हिल म्हणाला. "मी बोलतो त्याच्याशी."

हे 'मी बोलतो' किती वर्षं चाललं ते विचारू नका. चहूकडून पाण्यानं वेढलेल्या देशात हा माणूस राहतो, कुठल्याही दिशेनं चालत सुटला तर शेवटी समुद्रातच पडेल, आणि याच्या घरातून समुद्र दिसत नाही. का? तर शेजाऱ्याला वाईट वाटेल!

निदान वरच्या मजल्यावर झोपण्याच्या खोलीतून, टाचा उंचावल्या तर, एक निळी रेघ दिसायची. नॉर्मा रोज सकाळी टाचा उंचावायची. पण गेल्या हिवाळ्यात तिच्या कंबरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली, सांधा काही नीट बसला नाही, आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. पलंग खाली आला, स्वयंपाकघराला लागून. आता नॉर्मा दिवसभर त्या खिडकीत बसते आणि समोर हिरवीगार भिंत. ती फारशी बोलेनाशी झाली. माशावर ओरडायचीही बंद झाली. शीळ घातली तरी नुसती बघायची. तेव्हा नेव्हिल घाबरला.

"आज बोलतोच," तो मला म्हणाला. कोट घातला, टोपी घातली, केस नीट केले, खाली कीथकडे गेला. मी भिंतीपाशी उभी राहून ऐकलं, लाज कसली त्यात.

"यंदा ऊन कमीच, नाही?" नेव्हिल.

"कमीच," कीथ.

"झाडं बाकी उंच झाली हो तुमची."

"हो ना. झाली खरी."

"सुंदर कुंपण आहे."

"थँक यू. तुम्ही म्हणता म्हणून."

आणि नेव्हिल परत आला तो हातात चटणीची बरणी घेऊन. कीथ दरवर्षी हिरव्या टोमॅटोची चटणी करतो. आंबट, कडू, आणि मागाहून घशात काहीतरी अडकल्यासारखं. नेव्हिलनं पहिल्या वर्षी "वा, काय चव आहे" म्हटलं, तेव्हापासून त्याच्या कपाटात या बरण्या रांगेत उभ्या आहेत, बसची वाट बघत असल्यासारख्या.

"अहो, तुम्ही सुंदर म्हणालात!" मी कपाळावर हात मारला.

"सुरुवात तरी चांगली करायला हवी ना, पोरी? एकदम कसं बोलणार? उंच झाली म्हटलं की मी. स्पष्टच बोललो."

"याला स्पष्ट म्हणतात?"

"त्याला कळलं असेल बघ. रात्री विचार करेल तो."

कीथनं विचार केला की नाही माहीत नाही. झाडांनी मात्र केला, आणखी वीतभर वाढली.

मग मीच गेले. नेव्हिलनं जाऊ नको म्हणून माझी बाही धरली होती. "तू बोललीस तर आम्हाला घर विकावं लागेल," म्हणाला, आणि तो थट्टा करत नव्हता. कीथ अंगणात शिडीवर चढून कुंपणाच्या बाजू छाटत होता. एक हात यंत्रावर, दुसऱ्यानं खांदा दाबतोय, तोंड वेडंवाकडं.

"दुखतोय का?" मी विचारलं.

"तक्रार नाही." मग इकडे तिकडे बघून हळूच, "खरं सांगू? मला हे कुंपण डोळ्यासमोर नको वाटतं. घरात दुपारी दिवा लावावा लागतो. टोमॅटो एकही पिकत नाही, सगळे हिरवेच राहतात. म्हणून तर ती चटणी करावी लागते. मी स्वतः खात नाही हो ती."

मी शिडीचाच आधार घेतला. "मग तोडत का नाही?"

"नेव्हिलला किती आवडतं! भेटला की म्हणतो, सुंदर कुंपण आहे. मुळात लावलं ते त्यांच्यासाठीच. प्रवासात राहायची माझी ती मोठी, घरासारखी गाडी इथं उभी असायची, ती त्यांच्या खिडकीतून दिसू नये म्हणून. गाडी केव्हाच विकली. पण आता तोडलं तर बिचाऱ्याला वाईट वाटेल."

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. प्रश्न सुटला! मी म्हणाले, "कीथ, नेव्हिलला ते कुंपण अजिबात आवडत नाही. त्यांना समुद्र बघायचाय."

कीथनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "असं म्हणाला तो? किती चांगला माणूस. माझ्या खांद्याचं कळलं असणार त्याला, म्हणून म्हणतोय."

मी धावत वर आले. "नेव्हिल, कीथला ते कुंपण नकोय! स्वतः म्हणाला!"

"म्हणणारच," नेव्हिल हळहळला. "सभ्य माणूस. तू काहीतरी बोललीस, त्याला लागलं, म्हणून आता नको म्हणतोय. काय केलंस हे!"

मला सांगा, यावर काय करायचं? खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. हे दोघं इतके सभ्य की खरं सांगितलं तर तीही सभ्यताच समजतात! मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर डोकं टेकलं. खिडकीशी बसलेल्या नॉर्मानं विचारलं, "कीथ काय म्हणाला?" मी सगळं सांगितलं. ती नुसती त्या हिरव्या भिंतीकडे बघत राहिली.

रविवारी कीथ चहाला आला. आमच्याकडे भांडण होण्याची शक्यता दिसली की आधी चहाला बोलावतात. नेव्हिलनं केक कापला. पावसाबद्दल बोलणं झालं, मग मागच्या आठवड्यातल्या पावसाबद्दल. माशानं शीळ घातली. कीथ म्हणाला, "घड्याळ छान आहे." नेव्हिल म्हणाला, "हो ना." मी केक चावत होते की दात, सांगता येत नाही.

मग कीथ वळला. "नॉर्मा, तुम्ही कशा आहात?"

आता या प्रश्नाला उत्तर ठरलेलं आहे. राजवाड्यापासून मासळीबाजारापर्यंत एकच. नेव्हिलनं तर तिच्या वतीनं तोंड उघडलंही होतं.

"वाईट," नॉर्मा म्हणाली.

नेव्हिलच्या हातातून सुरी पडली.

"फार वाईट आहे मी, कीथ. मी दिवसभर तुमची झाडं बघते. मला समुद्र बघायचाय. मरायच्या आधी बघायचाय, आणि बाकी काही नकोय मला."

मासासुद्धा गप्प.

"सॉरी," कीथ म्हणाला.

"नाही, मीच सॉरी," नेव्हिल म्हणाला. "औषधांचा परिणाम असेल."

"औषध नाहीये," नॉर्मा म्हणाली. "मी घेतलेलंच नाही आज. मुद्दाम."

कीथ उठला, कप बशीत ठेवला, पुन्हा दोनदा सॉरी म्हणाला आणि गेला. नेव्हिल खुर्चीत असा बसला जणू कोणी वारलंय. "आता तो आपलं तोंड बघणार नाही," म्हणाला. नॉर्मानं केकचा दुसरा तुकडा घेतला.

सकाळी करवतीचा आवाज आला. मी धावले. खाली कीथ आणि त्याचा पुतण्या झाड कापत होते. एक पडलं. दुसरं पडलं. तिसरं पडलं. मी भिंतीवर बसून टाळ्या वाजवल्या. मग करवत थांबली. मला वाटलं, चहा प्यायला थांबले असतील. त्यांनी करवत उचलली, फांद्या गोळा केल्या, आणि घरात निघून गेले.

कुंपण आहे तसंच उभं. फक्त मधोमध, नॉर्माच्या खिडकीसमोर बरोबर खिडकीएवढी फट. समोरचे दात पडलेल्या माणसानं हसावं तशी.

"बाकीचं?" मी वरून ओरडले.

"ते ठेवलं!" कीथ खालून म्हणाला. "नेव्हिलसाठी. सगळं तोडलं तर त्याला चुकल्यासारखं वाटेल."

मी नेव्हिलकडे पाहिलं. तो दारात उभा होता. आता तरी, एकदा तरी, हा माणूस बोलेल. मी मनातल्या मनात त्याला पुढं ढकललं. त्यानं घसा साफ केला.

"छान ठेवलंत," नेव्हिल म्हणाला. "आभारी आहे."

मी आत आले. नॉर्माची खुर्ची नेव्हिलनं आधीच सरकवून फटीच्या समोर आणली होती. तिथून समुद्राचा एक उभा तुकडा दिसत होता, करडा, लाटांनी खवळलेला. डावीकडून एक होडी आली, दिसली, आणि उजवीकडच्या झाडात गेली.

"खेकड्यांची होडी," नॉर्मा म्हणाली. "उशीर झालाय तिला." तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसताना डोळे मिटावे लागले असते.

एवढ्यात फटीतून कीथ वर आला, हातात बरणी. बाकीच्या झाडांची सावली तशीच आहे, तेव्हा टोमॅटो हिरवेच राहणार आणि चटणी दरवर्षी येणार. नॉर्मानं बरणीकडे पाहिलं, मग कीथकडे. तिनं तोंड उघडलं. एकदा खरं बोलून तिला चव लागली होती, हे आम्हा सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

"चहा!" नेव्हिल केवढ्यांदा तरी ओरडला. "कोणाकोणाला चहा?"