पिस्ता रंगाचा खांब

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कूलरमध्ये पाणी भरणं. बायको शांता गॅलरीत पाइप धरून उभी, मी आतून टाकी पाहून सांगत होतो.

“बस वं.”

“भरू द्या अजून. पाण्यातही कंजुषी करता काय?”

टाकी वाहिली. धार थेट खाली, घरमालकाच्या गोदामाच्या शटरवर. हे आमचं रोजचंच.

त्याच दुपारी गोदामातली खोकी पेटली. मी दाराजवळ होतो, म्हणून फायर ब्रिगेडच्या जवानानं आधी मले उचललं. “तिले काढा,” म्हणत होतो, पण तोंडातून नुसता खोकला. त्याले समजलं. तो परत आत गेला अन् पायाखालचा स्लॅबच खाली बसला. दोघांनाही बाहेर काढलं. शांता धुरानं गेली होती.

डॉक्टर मले म्हणाले, “इन्हलेशन इंज्युरी आहे.” म्हणजे धुरानं श्वासाची नळी आतून भाजते. खोकल्यातून काळं पडलं, आवाज बसला, तर घरी हळद-दूध पीत बसू नका. दवाखाना गाठा. शांतानं जन्मभर चुलीपुढं धूर गिळला. तिले एवढं मोठं नाव कोणी सांगितलं नाही.

शेजारच्या खाटेवर तो जवान होता, प्रमोद. त्याले कंपाउंड फ्रॅक्चर, म्हणजे हाड चामडी फाडून बाहेर आलेलं. ऑपरेशन झालं, तरी पाय राहील की कापावा लागेल, सांगता येत नव्हतं. डॉक्टर रोज येऊन म्हणायचे, “अंगठा हलवा.” त्याचा हलत नसे. त्याले जोर यावा म्हणून मीही चादरीखाली हलवायचो.

“काका, तुमचा नाही,” डॉक्टर म्हणाले.

एका सकाळी घरमालक संत्री घेऊन आला.

“गोदामातला खांब टेम्पोले आडवा येत होता जी. काढला, पण त्या जागी लोखंडी पाइप लावला ना. पिस्ता कलरही मारला.”

प्रमोद म्हणाला, “आगीत लोखंड नरम पडते, साहेब. आम्ही घर पाहून आत पाय टाकतो. आतला खांब काढला, हे आम्हाले कोण सांगते?”

“आता माझ्या समोरच्या घराचा खांब उद्या काढून राहिलो. तिथं पाइप जाड टाकतो.”

मी विचारलं, “अन् रंग कोणता देतं गा?”

तो उठला. संत्री ठेवून गेला. गोड होती, खोटं काहून बोलू.

संध्याकाळी डॉक्टर आले. आम्ही दोघांनी जोर लावला. प्रमोदचा अंगठा हलला. “पाय वाचला,” डॉक्टर म्हणाले. प्रमोद तोंडावर चादर घेऊन रडला. मले सुट्टी मिळाली. त्या पोराचं ऋण कसं फेडावं, ते काही सुचेना. ज्या बाईसाठी त्यानं आगीत पाय घातला, ती त्याले कधी भेटलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लास्टिकची खुर्ची उचलली, समोरच्या घरात गेलो अन् खांबाले पाठ टेकवून बसलो. मिस्त्री घण घेऊन आला.

“बाबाजी, सरका थोडं.”

“आधी इंजिनिअर आण. तोवर मी हालत नाही.”

चपलेतला अंगठा तेवढा हलवत राहिलो.