बापाच्या डोक्याचं माप

दवाखान्यात नर्सने एका बाळाच्या डोक्याभोवती टेप गुंडाळली आणि मला आमची चिऊ आठवली.

बायको चार महिन्यांची गरोदर असताना, ती नको म्हणत होती तरी मी आजारी भाच्याशी खेळून आलो आणि कांजिण्या घरी आणल्या. तिलाही झाल्या. बाळाच्या मेंदूला धोका होता. चिऊ जन्मली तेव्हा डोकं जरा लहानच भरलं.

डॉक्टरबाईंनी टेप माझ्या डोक्याला लावली. "बाकी सगळं छान आहे हो. लेक बापावर गेलीय!"

"लग्नात फेटा नाकावर आला तेव्हाच ओळखायला हवं होतं," ही म्हणाली आणि हसता हसता रडली.

पोटातल्या अंधारापर्यंत बापाचं काय काय पोहोचतं!

चिऊची टोपी अजून डोळ्यांवर घसरते. मी आधी माझी सावरतो, मग तिची.