टोळीतली एक ओळ

सोलापुरातल्या एका संस्थेचं जुनं दप्तर संगणकात घालायचं काम मी फुकटात अंगावर घेतलं होतं आणि त्यापायी घरी रोज बोलणी खात होते. श्रीपूरकडे ऊसतोड्यांच्या मुलांसाठी ही संस्था हंगामी शाळा चालवायची. हजेरीचा एक कागद म्हणजे ऊसतोड्यांची एक टोळी. त्यात त्या टोळीतली मुलं, प्रत्येकाचं नाव, गाव, इयत्ता आणि पुढे गुरुजींचा शेरा. मुलं टोळीबरोबर यायची, टोळीबरोबर जायची, म्हणून नोंदही तशीच.

एका सकाळी केमहून रेल्वेनं एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. लहानपणी याच शाळेत शिकलेल्या. सोलापुरात मुलींच्या वसतिगृहात मदतनीसाची जागा निघाली होती आणि चौथी शिकल्याचा कागद सोमवारपर्यंत द्यायचा होता.

"कोयता धरून हात गेलं बगा, मॅडम. ही जागा मिळाली तर सुटले मी."

"अहो, दोन मिनिटांचं काम!" मी ऐटीत म्हणाले. शोधयंत्र मीच बसवलेलं ना. त्यांचं नाव, गाव केम, इयत्ता चौथी, असं टाकलं आणि टोळ्यांचा हा ढीग समोर आला. पहिली उघडली. त्या नावाची मुलगी होती, पण करमाळ्याची, पहिलीतली. केमचा भलताच मुलगा होता आणि चौथीत तिसरंच कुणी. दुसऱ्या टोळीतही तोच घोळ. मला माझाच असा संताप आला!

यंत्र बिचारं सांगितलं तसं वागत होतं. टोळीतली सगळी नावं एकत्र, सगळी गावं एकत्र, सगळ्या इयत्ता एकत्र. कुठलं गाव कुणाचं, ते गेलं विसरून. लग्नाच्या मांडवाबाहेर चपलांचा ढीग होतो ना, आणि आपण घाईत एक आपली, एक परक्याची घालून येतो, तसलाच प्रकार.

"न्हाय का मी त्यात?" बाईंनी हळूच विचारलं.

"आहात हो. चहा घ्या आधी."

मग सगळा इंडेक्स, म्हणजे यंत्राची शोधसूची, नव्यानं बांधायला घेतला. टोळीच्या कागदाच्या पोटात आता प्रत्येक मुलाचा वेगळा छोटा कागद ठेवायचा. याला नेस्टेड म्हणतात. विचारायचं असं, की तिन्ही गोष्टी एकाच मुलाच्या असतील तरच ती टोळी दे आणि तिच्यातलं कुठलं मूल जुळलं तेही दाखव. दुपार झाली. बाई खुर्चीवरून हलल्या नाहीत.

एकच टोळी आली. तिच्यात एकच ओळ पिवळी झाली. नाव, केम, चौथी उत्तीर्ण. खरं सांगते, हे सगळं मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आलेय, पण एवढ्या पोरांतून एका पोरीला असं हाताला धरून कुणी बाहेर आणलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी चक्क पडद्याला हात जोडले.

"आलं की वो!" बाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या. "फुडं काय लिवलंय?"

मी शेरा वाचला. 'अक्षर सुरेख. तान्ह्या बहिणीस मांडीवर घेऊन बसते. बहिणीचे नाव अद्याप ठेवलेले नाही.'

बाईंनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "त्याच सालात गेली ती. बारसं गावाकडं करायचं हुतं. फोटू न्हाय, दाखला न्हाय, कुटं म्हणून कुटंच न्हाय तिचं काय."

तिला शोधायचं म्हटलं असतं तर मी विचारलं काय असतं? नावच नव्हतं. बहिणीच्या ओळीत ती आपली मांडीवर बसून इतकी वर्षं राहिली होती.

मी प्रत छापली, संस्थेचा शिक्का मारून दिली. बाईंनी ती घडी न घालता पिशवीत ठेवली.

"आनी एक काडा, मॅडम. ही नोकरीसाटी द्याची. दुसरी आईला वाचून दावते. ती म्हणती, मी मेले की त्या लेकराची आटवनबी कुनाला ऱ्हानार न्हाय."