हालवारच्या रायफलीवरचा ओरखडा

एल्ना बाकलुंडच्या हातात देवानं काय घातलंय ते त्या देवालाच ठाऊक! बंदुकांच्या कारखान्यात जन्म गेला बाईचा, पोलादावर निळसर काळा रंग चढवण्यात. आता ती नदीकाठच्या आपल्या गावी परत आलीय. गुडघे कुरकुरतात, कमी ऐकू येतं. पण मूसची, म्हणजे थोराड शिंगांच्या रानहरणांची शिकार जवळ आली की अख्खं गाव तिच्या स्वयंपाकघरात. कुणाच्या बंदुकीची नळी दगडाला घासलेली, कुणाची गाडीच्या दाराला. "बायकोचीही अशीच हेळसांड केलीस, म्हणून गेली ती," असं तोंडावर सुनावते, आणि लोक मुकाट ऐकून घेतात.

त्या दिवशी हालवार आला. शाळेत तिच्याच बाकावर बसायचा. पुढे गावच्या शिकारी टोळीचा म्होरक्या झाला, तो अजून आहेच. गावातल्या प्रत्येकाला बंदूक धरायला त्यानंच शिकवलं. त्यानं रायफल टेबलावर ठेवली, शेजारी मुरंब्याची बरणी ठेवली आणि आवाज खाली केला.

"रानकोंबड्यांच्या मागे गेलो आणि ओढ्यात पडलो. मायलिसला कळता कामा नये."

मायलिस त्याची मुलगी. वसंतात तो एकदा घसरला होता, तेव्हाच तिनं बजावलं होतं, "बाबा, पुन्हा पडलात तर रायफल कपाटात आणि किल्ली माझ्याकडे."

"तिचं काय चुकलं मग?" एल्ना म्हणाली.

"शिकारीला नाही गेलो तर मी करू काय गं? खिडकीत बसून चिमण्या मोजू?"

एल्नानं हातमोजे चढवले. "कॉफी ओत तू. आणि पुसलेल्या जागी बोट लावशील तर याद राख. हाताचा एवढासा ओशटपणा राहिला तरी तिथे रंगाचं औषध धरत नाही."

नळीवरचे ओरखडे किरकोळ होते. तिनं ते स्पिरिटनं पुसले, हेअर ड्रायरनं पोलाद कोमट केलं, कापसाच्या बोळ्यानं औषध फिरवलं. उघडी पडलेली चंदेरी रेघ आधी पिवळट झाली, मग जांभळी, मग निळी, आणि बघता बघता काळी! हे तिनं जन्मभर बघितलंय, तरी दर वेळी श्वास अडकतोच. पाण्यानं पुसायचं, तारेच्या अगदी बारीक घासणीनं हलका हात फिरवायचा, पुन्हा औषध. हालवार चष्मा चढवून ओरखडा शोधत राहिला.

"कुठे गेला गं? चेटकीण आहेस तू, चेटकीण!"

"गप रे, कॉफी सांडशील."

मग तिनं बोल्टकडचा, म्हणजे गोळी आत सरकवून नळी बंद करणाऱ्या दांड्याकडचा भाग पुसला आणि थबकली. एक लांब ओरखडा वरच्या पोलादावरून निघून थेट बोल्टच्या मुठीवर उतरला होता, सलग. तिनं मूठ उचलून बोल्ट उघडला, रेघ तुटली. मूठ खाली दाबून बंद केला, रेघ जुळली. पडला तेव्हा बोल्ट बंद होता!

ओढा ओलांडायचा तर आधी बोल्ट उघडायचा, गोळ्या काढायच्या. गावाच्या हाडीमाशी हा नियम भिनवला होता तो याच माणसानं.

"हालवार, हे बघ." तिनं मूठ पुन्हा उचलली, दाबली.

त्याला सांगावं लागलं नाही. चेहरा पांढराफटक पडला.

"गोळी होती आत?"

"होती. एल्ना, मला वाटलं मी उघडलाय. शपथ घेऊन सांगतो, मला तसंच वाटलं."

"पुढे कोण चाललं होतं?"

"तूवा."

तूवा म्हणजे मायलिसची लेक, त्याची नात. आजोबांनी गप्प राहा म्हटलं म्हणून पोरगी आईपाशी गप्प राहिली होती. एल्नाला संतापही आला आणि रडूही. तिनं औषधाच्या बाटलीचं झाकण लावून टाकलं. "हे मी झाकणार नाही. माझ्या हातून व्हायचं नाही."

हालवारनं कॉफीचा कप बाजूला सारला.

"झाक," तो म्हणाला.

"लाज वाटत नाही मेल्या?"

"वाटते. रायफल तूवाच्या नावावर करतो. पोरीच्या हातात ती बिनडाग जाऊ दे. माझं काय झालं ते मी तोंडानं सांगेन. आज मायलिसला, आणि शिकारीच्या आदल्या दिवशी सगळ्या टोळीला."

एल्ना बघतच राहिली. या माणसानं चूक कबूल केलेली कुणी कधी ऐकली नव्हती, आणि आता हा भर गावात उभा राहणार! तिनं झाकण उघडलं आणि इतकं जपून काम केलं की संपल्यावर ती जागा तिची तिलाही सापडेना.

"मायलिसला फोन करते, गाडी घेऊन येईल," ती म्हणाली.

"नको." बोल्ट उघडा ठेवून त्यानं रायफल उचलली. "चालतच जातो. तिच्यापुढे पहिला शब्द कोणता काढायचा, ते अजून ठरायचंय."