उताराकडे पाठ करून

लातूर सोडलं तेव्हा आमच्या गाडीत धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, दोन नातवंडं, सून आणि मी एवढा ऐवज होता. निघालो होतो मनालीजवळच्या सोलंगला, लेकरांना बर्फावर स्कीइंग शिकवायला. हे खूळ सुनेचं, म्हणजे वैशालीचं. जानेवारीतही आमच्याकडे सकाळी घातलेला स्वेटर दुपारी कमरेला बांधावा लागतो, आणि ही बाई पोरांना बर्फात न्यायला निघाली, असं मी दुकानात येईल त्याला सांगितलं. भांड्यांचं दुकान आता मुलगा सांभाळतो, त्यामुळे मला बोलायला वेळ भरपूर असतो. तरी ती "मामा, तुमी बी चला की" म्हणाली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्याला कारण होतं.

चाकूरच्या पुढे रस्त्यालगत आमचं शेत आहे आणि शेतात विहीर. त्या विहिरीत मी भावकीतली वीस-पंचवीस पोरं पोहायला शिकवली. रीत ठरलेली. चार दिवस पाठीला वाळका भोपळा बांधायचा, पाचव्या दिवशी तो सोडायचा, पोराला काठावर उभं करायचं आणि बोलता बोलता मागून ढकलायचं. पोर दोन गटांगळ्या खातं आणि हातपाय मारायला लागतं. मलाही माझ्या चुलत्यानं असंच शिकवलं. गेल्या उन्हाळ्यात सात वर्षांच्या नातीला, गौरीलाही मी तसंच ढकललं. ती पोहत कडेला आली, पायऱ्या चढून वर आली आणि आईजवळ जाऊन बसली.

त्या दिवसापासून ती मला पाठ दाखवत नाही. रस्त्यानं चालताना मी मागे राहिलो की ती थांबते, मला पुढे जाऊ देते, मग चालू लागते. रुसवा नाही, फुगवा नाही, आबा म्हणून हाकही मारते. घरात कुणाच्या हे लक्षात आलं नाही असं मला वाटत होतं. मला मात्र आठ महिने ते कुसळासारखं टोचत होतं. शेत आलं तसं मी नेहमीप्रमाणे विहिरीकडे बोट दाखवलं. गौरी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत बसली.

नांदेडला अमृतसरची गाडी पकडली. डबा गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परतणाऱ्या मंडळींनी भरलेला होता. समोरच्या आजींनी पाच वर्षांच्या शंभूला पिन्नी (कणीक आणि तुपाचा लाडू) दिली, आम्ही त्यांना धपाटी दिली. लेकरांना घसरायला शिकवायला एवढ्या लांब नेताय, असं म्हणून त्या बराच वेळ हसत होत्या. मीही हसलो, कारण माझंही मत तेच होतं. अंबाल्याला उतरलो आणि तिथून रात्रभर घाटातून मोटार. शंभूला तीनदा उलटी झाली, त्यातली एक माझ्या नव्या मफलरवर.

सकाळी सोलंगला दार उघडून उतरलो. एवढं पांढरं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. देवदारांच्या फांद्या बर्फानं वाकलेल्या, मागे डोंगर, आणि सगळीकडे अशी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू यावा. शंभूनं पहिल्याच मिनिटाला मूठभर बर्फ खाल्ला आणि ह्याला चव न्हाई म्हणून तक्रार केली. मुक्कामाच्या घरी सिड्डू मिळाला (अक्रोडाचं सारण भरून वाफवलेली जाड रोटी, वर वाटीभर तूप). आपल्याकडच्या दिंडांची आठवण झाली. मी तीन खाल्ले.

शिकवणारा मास्तर तिशीचा होता, नाव दोरजे. त्याच्याकडे सहा लहान मुलं. पहिला तासभर त्यानं पायात स्की चढवूच दिली नाही. आधी ते जड बूट घालून चालायचं, मग पडायचं कसं, मग उठायचं कसं. पडायला शिकवणारा मास्तर मी पहिल्यांदा पाहिला. नंतर थांबायचं कसं ते आलं. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवायची. गौरीला ते जमेना. तेव्हा मी लांबूनच सांगितलं की, बैलगाडीच्या दांड्या जुवाजवळ कशा एकत्र येतात, तसे पाय कर. तिनं केले आणि ते बरोबर आले. मला फार बरं वाटलं. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

दुपारी मुलांना एका छोट्या उतारावर नेलं. उतार कसला, आमच्या शेतातल्या बांधापेक्षा थोडा जास्त. शंभू ओरडत खाली गेला, पडला, उठला, पुन्हा वर आला. गौरी मात्र काठावर खिळून उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला राहवेना. मी बर्फातून तिच्या मागे गेलो आणि कधी हात उचलला मला कळलंच नाही. तळवा तिच्या पाठीला लागला. ती तिथल्या तिथे खाली बसली आणि दोन्ही हातांनी बर्फ घट्ट धरला.

दोरजे खालून झपाझप वर आला. आवाज न चढवता म्हणाला, "अंकलजी, पीछे से नहीं. बच्चे को आपका चेहरा दिखना चाहिए."

मला घाम फुटला, त्या थंडीत. आजवर शिकवलेल्या सगळ्या पोरांचे मला फक्त खांदे आणि मानाच आठवत होत्या. एकाचाही चेहरा आठवेना. गौरी त्या दिवशी पुन्हा उभी राहिली नाही. रात्री वैशालीला मी विहिरीपासूनची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, मामा, मला वाटलं होतं ते तुम्हाला ठाऊकच न्हाई. म्हणजे तिलाही दिसत होतं. त्यासाठीच तिनं मला सोबत आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लांब एका ओंडक्यावर बसून नुसतं बघितलं. दोरजे गौरीच्या समोर उभा राहिला, उताराकडे पाठ करून, हात पसरून. तिच्याकडे बघत तो उलटाच खाली घसरू लागला, एक हात अंतर ठेवून. चल म्हणाला नाही, घाई केली नाही. ती थांबली की तोही थांबे. ती निघाली की तोही निघे. स्वतः कुठे जातोय हे त्याला दिसत नव्हतं, सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे. असा मास्तर मी पाहिला नव्हता. त्या उतारावर गौरी अकरा वेळा गेली. मी मोजत होतो, आणि डोळे पुसायला मफलर नव्हता.

तिसऱ्या दिवशी दोरजेनं मलाच स्की चढवली. वय चौसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. त्याच बांधाएवढ्या उताराच्या काठावर उभा राहिलो आणि खाली पाहिलं तर ती विहीरच. पाय हलेनात. मागे कुणीतरी येऊन उभं राहिल्याची चाहूल लागली आणि माझ्या पाठीत कळ आल्यासारखं झालं. मी मान वळवली. गौरी होती.

ती माझ्या मागून बाजूला झाली, वळसा घालून पुढे आली आणि उतारावर माझ्यासमोर उभी राहिली. पाय बैलगाडीच्या दांड्यांसारखे, हात पसरलेले.

"आबा, या. म्या हाय इथं. ढकलत न्हाई कुणी."

मी निघालो. चार हात गेलो आणि पडलो. पडायचं कसं ते शिकलो होतो.

परतीच्या गाडीत मी ठरवून टाकलं. या उन्हाळ्यात शंभूची पाळी आहे. आधी मी पाण्यात उतरणार आणि त्याच्यासमोर हात पसरून थांबणार, तो येईल तेव्हा येईल. चुलत्याची रीत मोडली म्हणून भावकीत हसतील, तर हसू देत.

नांदेडला पहाटे उतरलो. वैशाली झोपाळू शंभूला घेऊन पुढे गेली. दोन्ही हातांत बॅगा घेऊन मी जिन्याशी आलो तर गौरी तिथे उभी होती. मला पुढे जायला जागा देईल म्हणून मी थांबलो. तिनं बुटाची नाडी नीट केली आणि माझ्या पुढे जिना चढू लागली. मी मागून चढत राहिलो. वर पोचेपर्यंत तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.